तो शाळेतून घरी येईल तेव्हा घरी कोण असेल?

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईचं पत्र आलं आहे. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. यजमानांचं शेतीपंपांच्या विक्रीचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. थोरला मुलगा इंग्रजी माध्यमातून नववीत शिकतो, धाकटी मुलगी चौथीत आहे. त्यांचा भाऊ १२ वर्षांपासून मेलबर्नमध्ये असून आता तिथला नागरिक आहे. दिवाळीत घरी आला तेव्हा तो म्हणाला, "दहावी झाली की भाच्याला माझ्याकडे पाठव. तिथल्या सरकारी शाळा उत्तम आहेत, फी नाही, माझी दोन्ही मुलं तिथेच जातात. बारावी तिथे झाली की युनिव्हर्सिटी आणि पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, सोपं होतं." यजमानांनी लगेच मनावर घेतलं. रस्त्यालगतचा प्लॉट विकला तर ४५ लाख येतील असा त्यांचा अंदाज आहे. पुण्यातल्या एका एजंटाने जागा भरत आल्याचं सांगून नावनोंदणीसाठी ५० हजार रुपये मागितले आहेत. मुलाला अजून कुणी काही बोललेलं नाही. "त्याला आनंदच होईल, आणि भावाच्या घरी राहायचं म्हणजे काळजीच नाही," असं त्या लिहितात. पण त्यांना झोप लागत नाही. मुलाचं भलं आपणच अडवतोय का, की रजा काढून आपणच गार्डियन म्हणून त्याच्यासोबत जावं, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात प्लॉट, एजंट आणि प्रवेश दिसला. दुसऱ्या वाचनात 'काळजीच नाही' या दोन शब्दांपाशी अडखळले. ज्यांना खरोखर काळजी नसते, त्यांची झोप उडत नाही. तुमच्या मनाला काहीतरी खुपतंय. ते काय असावं, याकडे मी शेवटी येते. आधी पैशांचा आणि नियमांचा भाग निस्तरू, कारण तिथे एक मोठा गैरसमज झालेला दिसतो.

तुमचे भाऊ खोटं बोललेले नाहीत. त्यांच्या घरापुरतं ते अगदी खरं आहे. ऑस्ट्रेलियात निम्म्याहून बरीच जास्त मुलं सरकारी शाळेत जातात. तुम्ही स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवता, तेव्हा 'सरकारी' म्हटलं की इथले पालक कसं तोंड करतात हे तुम्ही रोज पाहता. तिथे तसं नाही. वस्तीतली सगळी मुलं वस्तीतल्या शाळेत जातात, आणि नागरिकांच्या किंवा पीआर असलेल्यांच्या मुलांना शिकवणी फी लागत नाही. पण तुमचा मुलगा तिथे भाच्याच्या नात्याने शाळेत जाणार नाही. तो जाईल परदेशी विद्यार्थी म्हणून, उपवर्ग ५०० च्या स्टुडंट व्हिसावर. त्याला सरकारी शाळेतही फी आहे. राज्य आणि इयत्ता यांप्रमाणे ती वर्षाला साधारण १५ ते २२ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात जाते आणि अकरावी-बारावीची सगळ्यात जास्त असते. डॉलर ५५ ते ६० रुपयांचा धरला तर मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात अकरावीच्या एका वर्षाची नुसती फी १२ लाखांच्या आसपास.

त्यावर व्हिसाची फी. जुलै २०२४ मध्ये ती ७१० डॉलरवरून १,६०० झाली आणि १ जुलै २०२५ पासून २,००० डॉलर आहे. व्हिसा नाकारला गेला तरी ती परत मिळत नाही. ओएसएचसी नावाचा आरोग्यविमा पूर्ण मुक्कामासाठी घ्यावाच लागतो. शिवाय एका वर्षाच्या राहण्याजेवण्यासाठी २९,७१० डॉलर, वर फी आणि प्रवासखर्च, एवढे पैसे हाताशी आहेत हे दाखवावं लागू शकतं. हा आकडा मे २०२४ पासूनचा आहे. अर्ज करायच्या वेळी ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्याच्या संकेतस्थळावर तो पुन्हा पाहा, कारण हे आकडे बदलत राहतात. मामाकडे न राहता होमस्टेत, म्हणजे एखाद्या तिथल्या कुटुंबात पैसे देऊन राहायचं ठरलं, तर आठवड्याला साडेतीनशे डॉलर किंवा त्याहून जास्त.

आता प्लॉटच्या ४५ लाखांकडे पाहा. मामाकडे राहूनही दोन वर्षांची फी, विमा, विमानाची तिकिटं, लॅपटॉप, गणवेश, शाळेच्या सहली आणि त्याचा स्वतःचा खर्च धरला, की बारावीचा निकाल लागेपर्यंत प्लॉटच्या पैशातलं फारसं काही उरत नाही. आणि मोठा खर्च तर तिथूनच सुरू होतो. तिथली बारावी केल्यामुळे तो 'तिथला' विद्यार्थी होत नाही. पदवीलाही तो परदेशी विद्यार्थीच राहतो. इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमाला वर्षाला ३५ ते ५० हजार डॉलर, नामवंत विद्यापीठांत त्याहूनही जास्त फी पडते, आणि तिथल्या मुलांना मिळणारं सरकारी शिक्षणकर्ज त्याला मिळत नाही. पदवीनंतर काम करण्यासाठी जो तात्पुरता व्हिसा असतो, त्यासाठी तिथल्या दोन वर्षांच्या शिक्षणाची अट आहे. त्यात शाळेची वर्षं धरली जात नाहीत. म्हणून 'बारावी तिथे, मग पीआर सोपं' या वाक्यातला 'मग' मला कुठे सापडत नाही. हे यजमानांना दाखवा आणि कागद-पेन्सिल घेऊन शांतपणे बसा. सध्याच्या हिशोबात फक्त पहिली दोन वर्षं आहेत, निदान पाच वर्षांचा मांडा. तो मांडूनही तुम्हाला झेपत असेल तर उत्तम, मग पुढचं बोलू.

एजंटाचंही इथेच सांगते. सरकारी शाळांचे परदेशी प्रवेश शाळेत जाऊन किंवा मुख्याध्यापकांच्या ओळखीने होत नाहीत. प्रत्येक राज्याचं शिक्षण खातं ते स्वतः पाहतं: व्हिक्टोरियात, न्यू साउथ वेल्समध्ये, क्वीन्सलँडमध्ये वेगवेगळं. अर्ज खात्याकडे जातो, शाळांचा पसंतीक्रम देता येतो. ज्या शाळांना परदेशी विद्यार्थी घ्यायची मान्यता आहे आणि त्या वर्गात जागा आहे, तिथेच प्रवेश मिळतो. भावाच्या घराशेजारची शाळा त्यात असेलच असं नाही. मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीट, पॉइंट कुक अशा आपल्या लोकांनी भरलेल्या उपनगरांत वस्ती झपाट्याने वाढली आहे. तुमच्या भावाचं घर तिकडचं असेल तर तिथल्या शाळेत जागा आहे का, हे आधी तपासा. व्हिक्टोरियात कुटुंबाला स्वतःही अर्ज करता येतो. एजंट घ्यायचाच असेल तर खात्याच्या अधिकृत यादीत त्याचं नाव आहे का ते बघा, आणि हेही लक्षात ठेवा की प्रवेश झाला की एजंटाला बहुधा तिकडून कमिशन मिळतं. ५० हजार कशाचे, ते लेखी मागा. दीड वर्षानंतरच्या प्रवेशाची जागा आत्ताच 'भरत आली' असं कुणी म्हणत असेल, तर घाई त्याची आहे, तुमची नाही.

क्रम असा असतो: अर्ज, मग खात्याकडून प्रस्ताव आणि करार, मग फी, मग सीओई म्हणजे प्रवेश निश्चितीचं पत्र, आणि त्याच्या आधारे व्हिसा. करारातलं फी परताव्याचं कलम सही करण्याआधी वाचा, सही केल्यावर नाही. व्हिसाच्या अर्जात मुलाने हेच शिक्षण का निवडलं, तिथेच का, पुढे काय, असे प्रश्न असतात. मार्च २०२४ पासून ही 'खऱ्या विद्यार्थ्या'ची अट लागू आहे. त्याची उत्तरं एजंटाच्या ठेवणीतली नकोत. ती मुलाच्या डोक्यातून आलेली हवीत.

आणि ताई, इथेच अडचण आहे. मुलाला तर अजून काही माहीतच नाही.

तुम्ही लिहिता की तो वडिलांच्या दुकानात मोटार खोलून बसतो, गणितात मात्र कच्चा आहे आणि क्लासवाल्यांनी आतापासूनच जेईईचा धोशा लावला आहे. त्या धोशापासून त्याला सोडवायचं, हे तुमचं मन मला कळतं. खरं सांगायचं तर मला ते पटतंही. व्हिक्टोरियाची बारावी, म्हणजे व्हीसीई, तुमच्या मुलासारख्याला मानवेल अशी आहे. तिथे सायन्स-कॉमर्स अशी भिंत नसते. मूल पाच-सहा विषय निवडतं. 'सिस्टिम्स इंजिनिअरिंग' नावाचा विषय आहे, त्यात मुलं यंत्रं आणि सर्किटं स्वतः बनवतात. डिझाइनचे विषय आहेत. गणितही एकाच मापाचं नसतं. साध्या गणितापासून मॅथेमॅटिकल मेथड्स आणि स्पेशालिस्टपर्यंत पायऱ्या आहेत. मोटार खोलणाऱ्या पोराचे हात तिथे वाया जात नाहीत, हे वाचून मलाच बरं वाटलं होतं.

पण तिथे ताण नसतो, असं मात्र मनात धरू नका. वर्षभर शाळेतल्या चाचण्या, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बाहेरच्या परीक्षा, आणि शेवटी एटीएआर, म्हणजे सगळ्या मुलांतला क्रमांक सांगणारी, ९९.९५ पर्यंत जाणारी संख्या. इंजिनिअरिंगला जायचं तर बहुतेक ठिकाणी मॅथेमॅटिकल मेथड्स लागतं. साधं गणित घेऊन भागत नाही. इंग्रजी प्रत्येकाला सक्तीचं आहे. नव्याने आलेल्यांसाठी इंग्रजीचा एक वेगळा, थोडा सोपा पर्याय आहे, पण जो अनेक वर्षं इंग्रजी माध्यमात शिकला आहे त्याला तो मिळेलच असं नाही. म्हणजे तुमच्या मुलाला तिथल्याच मुलांबरोबर कवितेवर आणि नाटकावर निबंध लिहावे लागू शकतात. इंग्रजी माध्यमात शिकणं आणि इंग्रजीत वाद घालणं यात किती अंतर असतं, हे एका शिक्षिकेला मी काय सांगणार?

आता त्या 'काळजीच नाही'कडे येते.

मी आठवी ते दहावी साताऱ्याला आत्याकडे राहून शिकले. आमच्या गावात सातवीपुढे शाळा नव्हती. आत्या प्रेमळ होती. तिने मला कधी दुजाभाव दाखवला नाही, तिच्या मुलींना जे कापड तेच मला. तरी तीन वर्षं मी दुसऱ्या चपातीनंतर 'पोट भरलं' म्हणत असे. कुणी सांगितलं नव्हतं. माझं मलाच वाटायचं की आपण इथे ठेवलेले आहोत, जपून असावं. ताप आला तरी दुपारपर्यंत सांगायचे नाही, कारण आत्याला सासूचं करायचं असायचं. आईला पत्रात लिहायचे, 'मी मजेत आहे.' आई ते पत्र शेजारणींना वाचून दाखवायची. आत्याने मला घडवलं, याबद्दल मनात अजिबात शंका नाही. पण लहान मुलाला हे सगळं एकट्याने पेलावं लागतं, आणि ते दिसत नाही. घरच्यांनी आधी दोन गोष्टी उघड बोलून ठेवल्या असत्या, तर मला पुष्कळ सोपं गेलं असतं.

म्हणूनच मला ऑस्ट्रेलियाच्या व्हिसा नियमांमधली एक गोष्ट फार मोलाची वाटते. अठरा वर्षांखालच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ते सरकार विचारतं: हे मूल कुणाजवळ राहणार आणि त्याच्या देखभालीला जबाबदार कोण? याचं लेखी, तपासता येईल असं उत्तर असल्याशिवाय व्हिसा मिळत नाही. आई किंवा वडील सोबत राहू शकतात. जवळचा नातेवाईक चालतो, मामा त्यात बसतात, पण तो किमान २१ वर्षांचा हवा, त्याचं चारित्र्य तपासलं जातं आणि मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत त्याला तिथे राहता यायला हवं. हे दोन्ही जमत नसेल तर शाळेचं खातं होमस्टेची व्यवस्था तपासून स्वतः जबाबदारीचं पत्र देतं. आणि एकदा ठरलं की परवानगी न घेता मुलाला ते घर सोडता येत नाही. व्हिसाची अटच आहे ती. रागावून मित्राकडे राहायला गेला, तर व्हिसा धोक्यात येतो. शाळेतली ८० टक्के हजेरीही तशीच सांभाळावी लागते.

आपण घरात जे 'मामा आहे ना' एवढ्यावर सोडून देतो, ते तो फॉर्म नावानिशी विचारतो. तुम्हीही घरात तसंच विचारा.

पहिला प्रश्न वहिनींना. तुमच्या पत्रात भाऊ आहेत, यजमान आहेत, एजंट आहे, सासूबाई आहेत. वहिनी एकाच वाक्यात आहेत: त्या वृद्धाश्रमात पाळीवर काम करतात. म्हणजे घरात दोन लहान मुलं, दोघांच्या नोकऱ्या, कधी रात्रपाळी, आणि त्यात एक सोळा वर्षांचा मुलगा येणार. त्याचा डबा, त्याची शाळेतली मीटिंग, त्याचं आजारपण, सकाळी बाथरूमसमोरची रांग, हे कुणाकडे जाणार ते तुम्हाला आणि मला दोघींनाही ठाऊक आहे. भावाने होकार दिला आहे. वहिनींना कुणी विचारलं आहे का? त्यांचा होकार भावाच्या तोंडून घेऊ नका. तुम्ही स्वतः फोन करा, एकटीने. आणि 'नाही' म्हणायला जागा ठेवून विचारा: "तुला जड जाणार असेल तर आत्ताच सांग, मला वाईट वाटणार नाही." त्या 'नाही' म्हणाल्या तर त्यांच्यावर रागावू नका. दोन वर्षांनी नातं तुटण्यापेक्षा ते चांगलं.

त्या 'हो' म्हणाल्या, तर पुढचे प्रश्न बारीक आहेत आणि तेच महत्त्वाचे आहेत. त्याला स्वतंत्र खोली आहे की तो हॉलमध्ये झोपणार? तुम्ही महिन्याला काही रक्कम देणार का? माझं मत विचाराल तर द्याच. भाऊ 'काय बोलतेस' म्हणतील, तरी द्या. त्या पैशांमुळे तुमच्या मुलाला तिसरी चपाती मागता येईल. त्याला ओरडायचा अधिकार मामा-मामींना आहे का, आणि कुठपर्यंत? भाऊ शाळा चालू असताना महिनाभर इकडे लग्नाला आले तर हा कुणाकडे राहणार? हा प्रश्न कुणी आधी विचारत नाही, आणि व्हिसाच्या दृष्टीने तो गंभीर आहे.

तुम्ही सोबत जावं का? गार्डियन व्हिसा आहे, उपवर्ग ५९०. पण त्यावर नोकरी करता येत नाही आणि मुलाबरोबर राहणं बंधनकारक असतं. म्हणजे तुमचा पगार बंद आणि तिथे घरभाडं सुरू. त्याहून मोठी गोष्ट तुमच्या लेकीची. या व्हिसावर सोबत नेता येतात ती साधारण सहा वर्षांखालची भावंडं. चौथीतल्या मुलीला न्यायचं तर तिचाही स्टुडंट व्हिसा आणि तिचीही फी. नाहीतर ती इथे आईशिवाय, ऐन सहावी-सातवीत. एका मुलाचं भलं करताना दुसरीचा हिशोब कुठे लिहायचा? पत्रात तिच्याबद्दल तुम्ही फक्त 'धाकटी चौथीत' एवढंच लिहिलं आहे. मला वाटतं, झोप उडण्यामागे तीही असावी. माझं उत्तर विचाराल तर रजा काढून जाऊ नका.

आता मुलगा. मेलबर्नची घड्याळं आपल्या साडेचार तास पुढे, ऑक्टोबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत साडेपाच तास. शाळा सव्वातीनच्या सुमारास सुटते. म्हणजे तो दप्तर टाकून घरात येईल तेव्हा तुमच्याकडे दहा-अकरा वाजलेले असतील आणि तुम्ही वर्गावर असाल. आज तो घरी आल्यावर पहिलं वाक्य कुणाशी बोलतो? शाळेत काही वाईट घडलं तर तुम्हाला ते कसं कळतं, सांगितल्यावर की चेहऱ्यावरून? जो चेहऱ्यावरून कळतो, त्याला परदेशी पाठवण्याआधी बोलायला शिकवावं लागेल. व्हिक्टोरियाच्या सरकारी शाळांत २०२० पासून शाळेच्या वेळात फोन वापरता येत नाही, आणि डिसेंबर २०२५ पासून तिथे सोळा वर्षांखालच्या मुलांना बहुतेक समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. व्हॉट्सअॅप त्यात नाही, तेवढा धागा राहील.

त्याला विचारा. पण 'जायचं का तुला?' असं नको. ऑस्ट्रेलिया म्हटल्यावर नववीतलं कुठलं पोर 'नाही' म्हणेल? त्याला खरं चित्र द्या: खर्च किती, प्लॉट जाणार, मामाकडे घरकामात हात लावावा लागणार, सुरुवातीला वर्गात मित्र नसणार, दुकानाचा वास नसणार. मग काही दिवस गप्प बसा. तो प्रश्न विचारायला लागला तर समजा की त्याने विचार सुरू केला आहे. तो गप्प झाला, तर तेही उत्तरच आहे. आणि एक स्पष्ट सांगून ठेवा: गेल्यावर जमलं नाही तर परत यायला लाज नाही, प्लॉट विकला असला तरी. हे वाक्य वडिलांच्या तोंडून यायला हवं. ज्याच्यासाठी जमीन विकली आहे तो मुलगा 'मला परत यायचं आहे' असं सहजासहजी म्हणत नाही.

घाई नाही, हे मी पुन्हा सांगते, कारण तुमच्या घरात सध्या घाईच सगळ्यात मोठ्याने बोलते आहे. अकरावी सुरू होताना एकोणीस वर्षांच्या आत असणं एवढीच वयाची मर्यादा आहे. तुमचा मुलगा तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा असेल. तिथलं शालेय वर्ष जानेवारीच्या शेवटी सुरू होऊन डिसेंबरात संपतं, चार सत्रांचं. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपली की अकरावीचे प्रवेश होईपर्यंत त्याला मोकळे महिने आहेत. त्यात त्याला व्हिजिटर व्हिसावर महिना-दीड महिना मामाकडे पाठवा, जमलं तर सुरुवातीचे आठ दिवस तुम्हीही जा. तिथलं दुसरं सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, म्हणजे शाळा चालू असतात. तो मामेभावंडांबरोबर शाळेच्या दारापर्यंत चालत जाईल, ट्रेनचं मायकी कार्ड वापरेल, मेमधली थंडी सोसेल, मामींच्या पाळीचा आठवडा बघेल. सुट्टीतलं आजोळ आणि रोजचं आजोळ यातला फरक त्याला आणि भावाच्या कुटुंबालाही कळेल. खर्च होईल, पण प्लॉट शाबूत राहील. दरम्यान इथे अकरावीला प्रवेश घेऊन ठेवा. जायचं ठरलंच, तर पुढच्या जानेवारीत तिथली अकरावी गाठता येते. किंवा जुलैतल्या तिसऱ्या सत्रापासून तिथल्या दहावीत बसून सहा महिने भाषा आणि पद्धत अंगवळणी पाडता येते. दुसरा मार्ग महाग, पण पोराला सोपा. मात्र त्याचा अर्ज बराच आधी करावा लागेल. एक लक्षात ठेवा, पहिल्या सहा महिन्यांत तिथली शाळा सहजासहजी बदलता येत नाही.

आणि तिसरा मार्ग तुमच्या पत्रात नाहीच: बारावी इथे करून अठराव्या वर्षी पदवीसाठी जाणं. तिथली अनेक विद्यापीठं विषय आणि गुण पाहून आपल्या बारावीवर प्रवेश देतात. तेव्हा तो कायद्याने सज्ञान असेल, देखभालीचा प्रश्नच उरणार नाही, मामाचं घर आधार म्हणून असेल आणि शाळेच्या फीचे २५ लाख पदवीसाठी शिल्लक असतील. शिकण्याची इच्छा आणि यंत्रांची ओढ तोपर्यंत कुठे जात नाही. जेईईचा धोशा मात्र उद्याच थांबवता येतो. क्लासला 'नाही' म्हणायला व्हिसा लागत नाही. डिप्लोमाचा रस्ताही पाहा, दहावीनंतर मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकलला त्याचे हात रमतील. माझा कौल या तिसऱ्या मार्गाकडे आहे, हे लपवत नाही. पण मी तुमच्या मुलाला पाहिलेलं नाही. सुट्टीतल्या त्या मुक्कामातून तो वेगळाच उजळून आला, वहिनींनी मनापासून हात पुढे केला आणि पाच वर्षांचा हिशोब बसला, तर माझा कौल बाजूला ठेवा.

अशाच पेचातल्या इतर पालकांसाठी थोडं. सिडनीचा विचार करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं की तिथल्या बारावीलाही एचएससीच म्हणतात, पण आपल्या एचएससीशी तिचा संबंध नाही. आणि ज्यांच्या प्रवेशपरीक्षेची आपल्या लोकांत एवढी चर्चा असते, त्या न्यू साउथ वेल्सच्या सिलेक्टिव्ह शाळा परदेशी विद्यार्थ्यांना खुल्या नाहीत. तुम्ही स्वतःच तिथे पदव्युत्तर शिक्षणाला किंवा नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर जाणार असाल आणि मूल सोबत असेल, तर त्याच्या शाळेच्या फीचे नियम राज्याराज्यांत आणि व्हिसाप्रमाणे वेगळे आहेत. शहर ठरवण्याआधी त्या राज्याच्या शिक्षण खात्याला लेखी विचारा, मित्राच्या अनुभवावर जाऊ नका. ज्यांचं तिथे कुणीच नाही, त्यांनी होमस्टेला घाबरू नये. घर आधी तपासलेलं असतं, शाळेत परदेशी मुलांसाठी नेमलेली व्यक्ती असते, आणि कधीकधी परक्या घरी 'मला भूक लागली आहे' म्हणणं नात्याच्या घरापेक्षा सोपं जातं.

तुम्ही मुलाचं भलं अडवत नाही आहात, ताई. तुम्ही त्याच्या घरी परतण्याच्या वेळेचा विचार करता आहात, आणि तो या सगळ्यात आजवर कुणीच केलेला नव्हता. या आठवड्यात एवढंच करा: एजंटाला पैसे देऊ नका, आणि वहिनींना फोन करा. त्यांची पाळी कधी संपते ते आधी मेसेज करून विचारा. आपली दुपार झालेली असली तरी त्यांच्याकडे संध्याकाळच्या स्वयंपाकाची वेळ असते.